सगळ्या गावाचा एकच नंबर

सन दोन हजार अठरा. माझं वय सत्तावन्न, नोकरी संपायला एक वर्ष राहिलेलं. सदतीस वर्षांत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून माणसं काढली. त्यातलं पुष्कळ विसरलो. मोबाइल हरवल्याचं एक प्रकरण मात्र विसरलो नाही, आणि ते आठवलं की आजही डोकं तापतं.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढं कोणी हसायला नको. मी मूळचा इस्लापूरकडचा. शिक्षण सातवी पास. आठवीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. नांदेडला शिपाई म्हणून भरती झालो. भूकंपाच्या बंदोबस्ताला लातूरकडं पाठवलं, पुढं तिकडंच बदली करून घेतली आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. परीक्षा देऊन नाही, पाय झिजवून. खेड्यातली माणसं मला शेवटपर्यंत जमादारच म्हणत, आणि मला ते आवडायचं. ठाण्यात कॉम्प्युटर आला तेव्हा मी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, की मी हातानं लिहीन, ज्याला बटणं दाबायची त्यानं दाबावीत. माझ्या हाताची केस डायरी कोर्टात कधी अडकली नाही.

त्या बुधवारी सकाळी हजेरी झाली, रात्रीचा रोजनामा वाचून झाला, आणि मी चहा तोंडाला लावतो तोच तिघं जण दारात उभे राहिले. एक बाई, तिची अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, आणि मागं तोंड लपवत एक पस्तिशीचा गडी. गडी माझ्या ओळखीचा. भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावात तो सेवा केंद्र चालवायचा. दाखले, रेशनकार्डाचे अर्ज, निराधारांच्या सरकारी पगारी, पीकविमा, जे काय पूर्वी तहसीलला जाऊन मिळायचं ते सगळं तो कॉम्प्युटरवर भरून द्यायचा.

"काय गेलं?"

"मोबाइल," केंद्रवाला म्हणाला.

"कुठं?"

"लातूरच्या स्टँडवर, साहेब. काल. गर्दीत."

"मग लातूरला जा. आमची हद्द न्हाई."

बाई पुढं आली. ती त्याच गावची, पण लातूरला शिकवणीच्या पोरांचे डबे करायची. हातावर तव्याचे चटके दिसत होते.

"जमादार, हद्दीचं मागून बघा. माझ्या पोरीचा फारम हाय त्यात."

"फारम मोबाइलात कसा मावंल, बाई?"

मग पोरगी बोलली. पोरगी हुशार, पण घाबरलेली. तिनं दोन वर्षं लातूरला शिकवणी केलेली. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, दुसऱ्या वर्षी डॉक्टरकीला बसतील इतके मार्क पडले. प्रवेशाचा फॉर्म भरला, कागद चढवले, सगळं झालं. आता शेवटी एकदा तो फॉर्म कायम करायचा राहिलेला. कायम करताना मोबाइलवर सहा आकड्यांचा नंबर येतो, तो टाकला की झालं. मुदत दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. न टाकला तर वर्ष गेलं.

"मग येऊ दे की तुझ्या मोबाइलवर."

"फॉर्मवर माझा नंबर न्हाई, काका. ह्यांचा हाय."

"मग बदलून घे."

"बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी येतो."

मी चहा खाली ठेवला. "म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्याच आत?"

"हाव, तसंच."

"मग त्याच नंबरचं दुसरं कार्ड काढा कंपनीच्या गॅलरीतून," मी केंद्रवाल्याला म्हणलं. "अर्ध्या दिवसाचं काम."

त्यानं मान खाली घातली. कार्ड त्याच्या नावावर नव्हतं. केंद्र उघडलं तेव्हा त्यानं ते चुलत्याच्या कागदांवर घेतलेलं.

"मग चुलत्याला घेऊन जा."

"चुलता वारला, साहेब. तीन वर्षं झाली."

"म्हणजे गावाचा कारभार मेलेल्या माणसाच्या नावावर चालून राहिलाय?"

"कारभार चांगला चालला होता, साहेब," तो म्हणाला, आणि वाईट वाटल्यासारखं तोंड केलं.

हे एवढं प्रकरण मला नीट कळायला तास गेला. ते असं. केंद्र उघडलं तेव्हा गावात थोड्याच जणांकडं फोन होते, आणि ज्यांच्याकडं होते ते दर दोन महिन्यांनी कार्ड बदलायचे. अर्जावर मोबाइल नंबरचा रकाना तर भरावाच लागतो. केंद्रवाला विचारायचा, कोणाचा टाकू? लोक म्हणायचे, टाक तुझाच, तूच बघतोस सगळं. असं करता करता म्हाताऱ्यांच्या पगारी, रेशन, पोरांची स्कॉलरशिप, सगळ्यांच्या मागं एकच नंबर लागला. गावात पुढं घरटी दोन दोन फोन आले, तरी अर्जावर नंबर ह्याचाच. कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही ऐकताना आधी वाटलं, चला, सोय आहे.

साहेब तरुण, पदवीधर. केबिनमधूनच म्हणाले, "जमादार, मोबाइल हरवल्याची नोंद घ्या, पोच द्या आणि पाठवा. असे रोज चार येतात."

"पोरीची मुदत उद्याची आहे, सर."

"हे ऑनलाइनचं तुमच्याच्यानं होणार नाही. उगाच शब्द देऊ नका."

हे वाक्य नसतं आलं तर कदाचित मी पोच देऊन मोकळा झालो असतो. खरं ते सांगतो. पण "तुमच्याच्यानं होणार नाही" हे मी आठवीपासून ऐकत आलेलो. बाईला म्हणलं, "जा, मी बघतो."

अकरा वाजता ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा म्हणाला, मोबाइल लातूरला गेलाच नाही, शेजारच्या मोठ्या गावातल्या दुसऱ्या केंद्रवाल्यानं तो उचलवलाय, ह्याचं गिऱ्हाईक तोडायला. मला ते पटलं. धंद्याची ईर्षा मी फार बघितली होती. गाडी काढली, त्या दुसऱ्या केंद्रवाल्याला उचललं आणि ठाण्याच्या बाकावर आणून बसवलं. इथं माझी पहिली चूक झाली. तो माणूस बारा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत बसला आणि एक मिनिट गप्प बसला नाही.

"जमादार, मी चोरून काय करू त्याचा फोन? माझ्याच गावाचे नंबर येऊन येऊन माझं डोकं फिरलंय. जेवताना वाजतो, सासुरवाडीला वाजतो."

"तू पण लोकांना तुझाच नंबर देतोस?"

"मग काय करू? लोक ऐकतेत का? म्हातारं माणूस येतं, म्हणतं, मला काय कळतंय त्यातलं, तूच हो म्हण."

"काल दुपारी कुठं होतास?"

"केंद्रात. पन्नास जण साक्षीला आणतो. अन् तुमचा तो लातूरला गेला म्हणतोय? मंगळवारी? मंगळवारी त्याच्याकडं लाईन लागती. सकाळी सातपासून त्याच्या ओट्यावर पिशव्या असत्यात."

पिशव्यांचं सांगायला पाहिजे. तिकडं केंद्रासमोर माणसं रांगेत उभी राहत नाहीत. प्रत्येक जण कागदांची कॅरीबॅग आणतो, ओट्यावर ओळीत ठेवतो आणि सावलीला जाऊन बसतो. पिशवीचा नंबर आला की माणूस उठतो. पिशवी पुढं सरकवायचा कोणी लबाडपणा केला तर भांडण थेट ठाण्यात येतं. अशी दोन भांडणं मी स्वतः मिटवलेली.

चारला लातूरच्या सायबर शाखेतल्या पोराचा फोन आला, त्याला मी सकाळीच नंबर देऊन ठेवलेला. नंबर मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला बंद पडला आणि बंद पडताना तो गावाच्याच टॉवरवर होता. लातूरच्या स्टँडचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे फिर्याद देणाराच खोटं बोलला होता, आणि मी एका निरपराध माणसाला चार तास बाकावर घासत ठेवलं होतं. त्याची माफी मागितली नाही, जमलं नाही. चहा पाजला आणि गाडीवर बसवून घरी सोडला. निनावी फोन करणाऱ्याचा पत्ताही नंतर लागला. त्याचं रेशनकार्ड ह्या दुसऱ्या केंद्रात दोन महिने रखडलेलं, म्हणून त्यानं राग काढला. लोकांना राग काढायला पोलीसच सापडतात.

गुरुवारी सकाळी आठलाच मी केंद्रावर गेलो. बाई आणि पोरगी माझ्या आधीच येऊन ओट्यावर बसलेल्या. मी केंद्रवाल्याला आत घेतला आणि दार लोटलं.

हात उचलायचं मी दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. खोट्याला मार लागत नाही, वेळ लागतो. माणसाला एकच गोष्ट तीन वेळा सांगायला लावायची. खरं असलं तर तीन वेळा तीन तऱ्हेनं येतं, काही मागं, काही पुढं. खोटं असलं तर तेच शब्द, त्याच ओळीत, पाठ केल्यासारखे येतात. ह्याचं लातूरचं स्टँड तिन्ही वेळा एकाच शब्दानं सुरू झालं आणि एकाच शब्दानं संपलं. ह्यातच दुपारचे साडेबारा वाजले.

"आता चौथ्यांदा सांग," मी म्हणलं, "पण शेवटून सुरुवात कर."

त्याला ते जमेना. बसला खुर्चीत आणि कपाळ धरलं.

"फोन हितूनच गेला, साहेब. टेबलावरून."

"मग लातूर कशाला मधी आणलं?"

"गावाला कळलं असतं तर लोकांनी खाल्लं असतं मला. सगळ्यांचं त्यात हाय."

"टेबलावर कशाला ठेवलास? कोणाशी बोलत होतास?"

त्यानं दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, पुण्याला असलेल्या एका माणसाशी, एका कामाबद्दल. हात टायपायला मोकळे पाहिजेत म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला. बोलणं संपलं, फोनचं चार्जिंगही संपत आलेलं. तेवढ्यात लाईट गेली, तो मागच्या खोलीत इन्व्हर्टरची बॅटरी बघायला गेला. चार-पाच मिनिटांत परत आला, तर फोन नाही.

"आत कोण होतं?"

"कोण न्हाई."

"त्या दिवशी काम कोणाकोणाचं केलंस, सांग. एकेक पिशवी सांग."

त्यानं बोटं मोजली. आठ जण. आठांचं काम झालं, आठ जण कागद घेऊन गेले.

"अन् पिशव्या किती होत्या?"

"नऊ." मग त्यानंच टेबलाखालून एक निळी कॅरीबॅग काढली. "ही एक राहिली संध्याकाळी. कोणतरी विसरून गेलं. येईल न्यायला म्हणलं."

"दोन दिवस ही हितं पडलीया अन् तू मला लातूर सांगतोस?"

"पिशवीचा काय संबंध, साहेब?"

आता ह्याला काय बोलावं. भूकंपानंतर त्याच गावाच्या जुन्या जागेवर मी दीड महिना पहारा दिलेला. ढिगाऱ्यातून लोक भांडी शोधत नव्हते, कागद शोधत होते. सातबारा, पासबुक, शाळेचा दाखला, भिजलेलं, फाटलेलं, जसं सापडेल तसं. ज्याचा कागद गेला त्याला पुढं पाच वर्षं आपण कोण आहोत हेच सिद्ध करत फिरावं लागलं. त्या गावातलं माणूस एक वेळ लेकरू जत्रेत विसरेल, कागदांची पिशवी विसरणार नाही. पिशवी सोडून गेलेलं माणूस त्याहून मोठं काहीतरी घेऊन गेलेलं असणार, आणि परत यायची त्याला भीती असणार.

पिशवीत रेशनकार्ड, आधार, आणि प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळलेली भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या घराची ताबा पावती. पावतीवर एका बाईचा अंगठा. केंद्रवाल्यानं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही आजी? हिला तर ऐकू बी येत न्हाई."

"पुण्याचा फोन कोणाचा होता?"

"तिच्या लेकाचा," तो हळूच म्हणाला.

म्हातारी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. नव्या गावात रस्ते सरळ, घरं सारखी, दारावरचा नंबर न बघता घर सापडत नाही. ती ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. केंद्रवाला माझ्या मागं उभा राहिला.

"आजी, पिशवी विसरलाव केंद्रात."

"विसरले न्हाई. ठिवली."

"अन् फोन?"

"हाय."

सदतीस वर्षांत इतक्या लवकर कबुली कोणी दिली नव्हती. सरळ उत्तराची सवय नसल्यानं मलाच सुचेना.

"द्या मग."

"न्हाई."

"आजी, दुसऱ्याची वस्तू हाय."

"वस्तू त्याची असंल. आतलं माझं हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "तू जमादार हाइस न? मला सांग, माझा अंगठा ह्याच्या डब्यात कसा गेला?"

मग तिनं सांगितलं. मंगळवारी ती पगारीच्या कामाला आलेली. पिशवी ओट्यावर आणि ती आत, दाराशी, भिंतीला टेकून बसलेली. स्पीकरवर लेकाचा आवाज आला म्हणून तिनं कान दिला. लेक विचारत होता, घराच्या उताऱ्यावर माझं नाव चढवायच्या अर्जाला आईला आणायला लागंल का? केंद्रवाला म्हणाला, कशाला? आईचा नंबर माझ्याच फोनवर येतो, मीच टाकतो.

"माझ्या घराचं चाललंय, मी हातभर अंतरावर बसलीया, अन् मलाच कुणी विचारंना," म्हातारी म्हणाली.

"आजी, तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणून," केंद्रवाला मागून पुटपुटला.

"डावा कान गेलाय माझा, भिंत पडली तवा. उजव्यानं समदं ऐकते. तुम्ही समदे डाव्या अंगालाच बसता."

मी तिला कायदा सांगायला लागलो. सांगितलं की ही चोरी होते, कलम लागतं, माझा नाइलाज आहे.

"लाव कलम. त्याला माझा अंगठा लागंल न? अंगठा फोनात हाय. फोन पेटीत हाय. पेटीची किल्ली माझ्याकडं हाय."

 तरी मी तासभर बोललो. समजावलं, दरडावलं, जप्ती कशी होते ते सांगितलं, महिला शिपाई बोलावतो म्हणलं. महिला शिपाई ठाण्यात एकच, ती त्या दिवशी दुसरीकडं बंदोबस्ताला. साहेबांना फोन लावला, तर साहेब म्हणाले, दोन पंच घ्या, पेटीचं कुलूप तोडा, पंचनामा करा. मी पंच शोधायला रस्त्यावर आलो. तोवर गल्लीत माणसं जमलेली. पंच व्हायला एकही पुढं येईना. शेवटी एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "जमादार, आमचे बी अंगठे त्याच्यातच हायेत म्हणं. जरा बघू द्या की म्हातारीचं काय होतंय."

"तुमचं काय व्हायचं ते नंतर होऊ द्या, आधी कुलूप तोडू द्या."

"तोडा की. आम्ही कुठं धरलंय. आम्ही फकस्त सही करत न्हाई."

तीन वाजले होते. मी घामाघूम. तेवढ्यात डबेवाली बाई आणि पोरगी केंद्रावरून चालत आल्या. वाट बघून बघून त्यांचा धीर सुटला होता. बाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ ओसरीवर चढली आणि म्हातारीच्या उजव्या बाजूला बसली.

"मावशी, माझ्या पोरीचा डॉक्टरचा फारम हाय त्या फोनात. पाच वाजता बंद होतोय."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली, मग पोरीकडं, मग माझ्याकडं.

"हे कुणी सांगितलं मला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. तासभर मी तिला कलमं सांगत बसलो, पोरीचं एकदाही नाव काढलं नाही. पोलिसाला वाटतं, आपल्याला माहीत आहे ते जगाला माहीत आहे. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. माझ्या त्या एका तासात पोरीचं वर्ष बुडता बुडता राहिलं.

म्हातारी उठली. कमरेची किल्ली काढून पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून फोन काढला.

"पोरीचं आधी करा. पण फोन माझ्या हातातच राहील."

"आजी, त्याला चार्जिंग लागंल," केंद्रवाला म्हणाला.

"लाव तार. सोडणार न्हाई मी."

आम्ही सगळे केंद्रावर गेलो. पुढं म्हातारी, दोन्ही हातांत फोन धरून, मागं आम्ही, त्यामागं अर्धं गाव. केंद्रात लाईट नव्हती. बॅटरीवर कॉम्प्युटर चालवायचा का फोन, म्हणून केंद्रवाला वायरी उलटसुलट करत बसला. मी त्याला दोन शब्द बोललो, ते इथं लिहीत नाही. चार वाजून वीस मिनिटांनी फोन जिवंत झाला. कुलूप उघडायला पडद्यावर बोट फिरवावं लागतं. ते केंद्रवाल्यानं फिरवलं, पण फोन म्हातारीच्या मुठीतच.

आणि तो वाजायला लागला. दोन दिवसांचं साठलेलं सगळं एकदम आलं. एकावर एक, थांबेचना. दारातली माणसं आत डोकावायला लागली. ज्याच्या त्याच्या घरचं काही ना काही त्यात वाजत होतं, आणि ते पहिल्यांदाच सगळ्यांनी एकत्र ऐकलं असावं.

पोरीनं कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला, बटण दाबलं. नंबर येईपर्यंत मधे इतके जुने संदेश आले की पहिल्या नंबरची वेळ संपली. पोरगी आईकडं बघायला लागली. बाई मला म्हणाली, "जमादार, काही करा की." मी काय करणार? मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी फक्त दारातल्या माणसांना मागं सारलं, म्हणजे पोरीला उजेड मिळावा. दुसऱ्यांदा बटण दाबलं. म्हातारीनं फोन पोरीच्या तोंडासमोर धरला. पोरीनं सहा आकडे वाचले आणि केंद्रवाला टाकायला हात पुढं करायला लागला, तर म्हातारी म्हणाली, "तिचं ती टाकंल."

पाचला दहा कमी असताना फॉर्म कायम झाला. पोरगी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडली. पुढं महिन्याभरानं कळलं, तिचा नांदेडला नंबर लागला.

"आता माझं," म्हातारी म्हणाली.

लेकाचा अर्ज रद्द करायलाही नंबर यावा लागतो. तो आला, तिच्या हातातल्या फोनवर. तिला आकडे वाचता येत नव्हते. पोरीनं डोळे पुसून एकेक बटण दाखवलं आणि म्हातारीनं एकेक दाबलं, सावकाश. केंद्रवाला बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, हेही लिहितो. त्याच्यामुळं गावाच्या तहसीलच्या खेपा वाचल्या, निराधारांच्या पगारी सुरू झाल्या. लोकांनी आपलं 'हो' त्याच्याकडं टाकलं आणि त्यानं ते घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा. पण त्याला कोणतं कलम लावायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी स्टेशन डायरीत मी लिहिलं: मोबाइल गावातच मिळून आला, फिर्यादीची तक्रार नाही. साहेबांनी वाचलं.

"मिळून आला म्हणजे कुठं?"

"पेटीत, सर."

"कोणाच्या?"

"गावाच्या," मी म्हणलं, आणि सॅल्यूट करून निघालो. साहेब चिडले होते. मीही चिडलेलो होतो, पण कोणावर ते ठरवता येत नव्हतं. सरकारनं दारात यंत्र आणून ठेवलं, चांगलं केलं, पण त्यावर बोट कोण ठेवणार हे गावाला कोणी समजावलं नाही. गावानं विचारलं नाही. आणि माझ्यासारखा कायद्याचा माणूस तासभर म्हातारीलाच समजावत बसला. माणसाचं काम दुसऱ्यानं करावं, ओझं दुसऱ्यानं उचलावं, पण होकार ज्याचा त्यानंच द्यावा. एवढं शिकायला मला सत्तावन्न वर्षं लागली.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिला म्हातारीचं लई कौतुक वाटलं. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "अहो, माझ्या बँकेच्या पुस्तकावर कोणता नंबर हाय?"

"माझा."

"अन् गॅसवर?"

"माझाच."

"आधारवर?"

मी भाकरी मोडत राहिलो. तिनं भाजी वाढली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज पाठवला आणि तिला म्हणलं, चल, फोन घ्यायचाय. ती म्हणाली, "मला कशाला, तुम्ही हाव की." मी म्हणलं, चल म्हणलं न. दुकान उघडायच्या आधीच आम्ही शटरसमोर उभे होतो. दुकानदारानं कार्डाचा फॉर्म पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काकूंचं पूर्ण नाव?"

मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि गाडी नीट लावलीय का बघतो असं सांगून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.